अडवलं कोणी, तेही सांगा

आठवी-नववीच्या मुलाला बक्षीस काय द्यायचं? मराठी शाळेला हा प्रश्न पडत नाही. पुस्तक द्यायचं, तेही चरित्र. आणि चरित्र म्हटलं की बरेचदा माणूस अमेरिकन. लिंकन, एडिसन, हेलन केलर, कार्व्हर. अलीकडे गेट्स आणि जॉब्ज.

अमेरिकन असण्याला माझी हरकत नाही. त्यांच्या आयुष्यातून काय कापून उरलेलं पोरांच्या हाती देतात, त्याला आहे.

साचा बघा. मुलगा गरीब. मुलगा हुशार. दिव्याखाली अभ्यास. कष्ट, पुन्हा कष्ट, मग यश. शेवटच्या पानावर तात्पर्य: मनात आणलं तर तुम्हीही करू शकता.

गरीब होता, मान्य. त्याला गरीब ठेवलं कोणी?

ते पान कुठे असतं?

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरपासूनच सुरुवात करू. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि मराठी घरांत ते घरच्या माणसासारखं राहिलं. मिसूरीत गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या एका कृषिशास्त्रज्ञाला आपल्या खेड्यापाड्यांत ओळख मिळाली ती या एका पुस्तकामुळे. हे फार मोठं काम आहे. गवाणकरांचं ऋण मानावं तेवढं थोडं.

पण पुस्तक वाचणं वेगळं आणि वक्तृत्व स्पर्धेतलं पाच मिनिटांचं भाषण वेगळं. त्या भाषणातला कार्व्हर शेंगदाण्यापासून तीनशे पदार्थ करतो, पीनट बटरचा शोध लावतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. पीनट बटर त्याचं नव्हतंच. भुईमुगाच्या लगद्याचं पेटंट मार्सेलस एडसन नावाच्या कॅनेडियन माणसाने १८८४ साली घेतलं, तेव्हा कार्व्हर अजून कॉलेजच्या दारापर्यंतही पोचला नव्हता.

आणि दारापर्यंत पोचला तेव्हा काय झालं? कॅन्सस राज्यातल्या हायलंड कॉलेजने त्याला टपालाने प्रवेश दिला होता. पोरगा सामान घेऊन हजर झाला. कातडीचा रंग दिसला. प्रवेश रद्द.

भाषणात हे एका वाक्यात उरकतं. ‘अनेक अडचणींवर मात करून.’ अडचण? पावसात छत्री विसरली तर ती अडचण. तो कॉलेज चालवणाऱ्या माणसांनी घेतलेला निर्णय होता.

त्याआधी, १८७९ साली, कॅन्ससमधल्याच फोर्ट स्कॉट गावात या पोराने एका काळ्या माणसाला जमावाने ठार मारताना पाहिलं आणि ते गाव सोडलं. तेव्हा त्याचं वय असेल पंधराच्या आसपास. नववी-दहावीतल्या मुलाचं वय. त्या वयात त्याने जे डोळ्यांनी पाहिलं, ते त्याच वयाच्या मुलांना वाचायलाही झेपणार नाही, असं आपण ठरवून टाकलेलं.

कार्व्हरचं खरं काम तीनशे पदार्थांत नव्हतं. ते मातीत होतं. दक्षिणेतली जमीन कापसाने पिळून काढलेली. ती कसणारे बहुतेक कालचे गुलाम आणि आजची कुळं, दुकानदाराच्या वहीत अडकलेली. १८९६ साली हा माणूस अलाबामातल्या टस्कीगीला आला आणि त्यांना सांगू लागला, कापसाच्या जागी शेंगा लावा, चवळी लावा, जमिनीत नत्र परत येऊ द्या. १९०६ साली घोडागाडीवर अवजारं आणि बियाणं लादून शेतीची शाळाच गावोगाव फिरवली. चार बुकं शिकलेल्यालाही कळतील अशा पत्रिका छापल्या.

महाड-पोलादपूरकडे भात काढल्यावर त्याच वावरात वाल टाकतात. त्या घरातल्या पोराला द्विदल पिकाचं महत्त्व समजावायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. त्याला समजावायचंय ते वेगळंच: इतकं राबूनही ते शेतकरी कर्जातच का राहत होते?

शेंगा काढून घ्यायच्या आणि पोरांच्या हाती टरफलं द्यायची. चाललंय ते हेच.

आता लिंकन. त्याने मुलाच्या शिक्षकाला लिहिलेलं म्हणून एक पत्र मराठी शाळांच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं. वसंत बापटांनी ते मराठीत आणलं आणि सुंदर आणलं. फक्त ते लिंकनने लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. त्याच्या समग्र लेखनाचे आठ खंड १९५३ साली अमेरिकेत निघाले. त्यांत हे पत्र नाही.

एडिसनच्या आईचं पत्र तर त्याहून वाईट. शाळेने मुलाला मठ्ठ ठरवलं, आईने वाचताना मजकूर बदलून त्याला हुशार म्हटलं, पुढे मोठेपणी त्याला ते पत्र सापडलं, तो रडला. मोबाइलवर दर शिक्षकदिनाला ही गोष्ट फिरते. शिक्षकाशी बिनसलं आणि आईने घरी शिकवलं, एवढं खरं. बाकीचं रडणं कोणीतरी रचलेलं.

मुलांना खोटं बोलू नका, असं शिकवायला खोटं पत्र कशाला लागतं?

खरा लिंकन त्या फ्रेमपेक्षा कितीतरी कामाचा आहे. १८६१ साली अध्यक्ष होताना तो सांगत होता की ज्या राज्यांत गुलामी आहे तिथे आपण हात लावणार नाही. १८६३ साली त्यानेच बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला. दोन वर्षांत माणूस केवढा हलला! त्याला हलवलं कोणी? युद्धाने, गुलामीविरुद्ध वर्षानुवर्षं बोलणाऱ्यांनी आणि मळे सोडून सैन्याच्या छावण्यांकडे धावत आलेल्या हजारो गुलामांनी. मोठा माणूसही मत बदलतो, आणि ते बदलायला लहान माणसं भाग पाडतात. पंधराव्या वर्षी हे कळलं तर किती बरं.

तेवढं मात्र कोणी फ्रेम करत नाही.

हेलन केलरचं चरित्र पंपाखाली संपतं. १८८७ साल, हातावर पाणी, बाईंनी तळव्यावर लिहिलेला शब्द, डोळे पाणावले, पुस्तक मिटलं. केलर त्यानंतर एक्याऐंशी वर्षं जगल्या. १९०९ साली समाजवादी पक्षात गेल्या. कारखान्यातले अपघात आणि गरिबी माणसांना आंधळं करते, हे व्यासपीठांवरून सांगत फिरल्या. १९२० साली नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. सात वर्षांच्या मुलीची गोष्ट आपण अख्ख्या बाईचं चरित्र म्हणून देत आलो.

बोलायला लागल्यावर ती काय बोलली, हे ऐकायची आपली तयारी नाही का?

गेट्सचं थोडक्यात. ‘त्याने कॉलेज सोडलं आणि जगातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला.’ सोडलं ते हार्वर्ड. वडील नामांकित वकील. आणि १९६८ साली, तेराव्या वर्षी, सिएटलच्या खासगी शाळेत त्याला कॉम्प्युटरला जोडलेलं टर्मिनल मिळालं होतं, तेही शाळेतल्या मुलांच्या आयांनी जुन्या वस्तूंचा सेल करून जमवलेल्या पैशांतून. तेव्हा अमेरिकेतल्याही बहुतेक शाळांत असं काही नव्हतं. महाडच्या पोराने कॉलेज सोडलं तर त्याला एमआयडीसीत कंत्राटी काम मिळतं. ते कधी सुटेल, याचीही खात्री नसते.

ही तळटीप प्रत्येक प्रतीत ठळक छापायला हवी.

आता दासगाव.

मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या काठी. गाडीत झोपलेल्यांना ते लागलेलं कळतही नाही. पण कोलंबिया विद्यापीठात शिकलेला एक माणूस २५ डिसेंबर १९२७ रोजी दुपारी बोटीने याच बंदराला उतरला. काठावर तीन हजार सत्याग्रही उभे होते. पोलीस अधिकारीही हजर होता, कलेक्टरचं पत्र घेऊन. पुढे सत्याग्रही पाच मैल चालत महाडला गेले. त्या रात्री महाडात मनुस्मृती जाळली गेली.

त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं होतं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबियाने भीमराव आंबेडकरांना पीएच.डी. बहाल केली. तळं, पदवी आणि दासगावचं बंदर, तिन्ही एकाच वर्षात. अमेरिका आणि रायगड इतके जवळ कधी आले होते?

अमेरिकेत त्यांना कोण भेटलं? जॉन ड्यूई. लोकशाही म्हणजे नुसती सरकार चालवायची रीत नव्हे, माणसांनी एकमेकांत मिसळून जगायची रीत, असं शिकवणारा तत्त्वज्ञ. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ म्हणून आपण ओळखतो त्या १९३६ च्या भाषणात आंबेडकर त्याचं नाव घेऊन आपण त्याचे किती ऋणी आहोत ते सांगतात. १९५२ साली कोलंबिया त्यांना मानद पदवी देणार होती आणि गुरुजींना भेटायची त्यांना ओढ होती. ड्यूई १ जूनला गेला. पदवीदान ५ जूनला झालं.

आधुनिक अमेरिकन हवाय ना? दासगावच्या बंदरापर्यंत ज्याचा विचार पोचला, तो हा. शाळेच्या कपाटात याचं चरित्र कुठे दिसतं का?

आणि डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस? काळ्यांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लिहिणारा विद्वान. १९४६ साली आंबेडकरांनी त्याला पत्र लिहिलं: अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं ऐकलं, त्याच्या प्रती मिळतील का? ३१ जुलै १९४६ ला त्याचं उत्तर आलं. हे पत्र खरं आहे, जपून ठेवलेलं आहे, कोणालाही वाचता येतं.

भिंतीवर पत्रच लावायचं असेल तर हे लावा.

हा धागा जुना आहे, काल-परवाचा नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. त्या वर्षी कार्व्हर साधारण नऊ वर्षांचा होता आणि गावातली शाळा काळ्या मुलांना घेत नव्हती म्हणून घरीच अक्षरं गिरवत होता. पुण्यातल्या माणसाला तेव्हा जे दिसलं, ते आजच्या ‘प्रेरणादायी’ मालिकेच्या संपादकाला दिसत नसेल, तर मालिका कशाला काढतो?

दासगावचंच एक पोर. रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, महाडजवळच्या लाडवलीचा, बालपण दासगावात. अकरा-बारा वर्षांचा असताना अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि पास झाला. पुढची शाळा महाडला. महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून परत पाठवलं.

पोराने काय केलं? वर्तमानपत्राला पत्र धाडलं. सरकारचं अनुदान घेणारी शाळा मला प्रवेश का देत नाही, ते विचारलं. छापून आलं. शाळा हलली. प्रवेश मिळाला, बसायची जागा मात्र इतरांपासून वेगळी.

हायलंड कॉलेज आणि महाडची शाळा. मधे सात समुद्र. दारातली वागणूक मात्र सारखी.

या मोऱ्यांनीच पुढे आंबेडकरांना महाडला आणायचा ध्यास घेतला. मार्च १९२७ ची परिषद उभी करण्यात त्यांनी जिवाचं रान केलं. तेव्हा त्यांचं वय चोवीस. नंतर ते कम्युनिस्ट झाले, मुंबईच्या कामगारांत राहिले, ‘जीवनमार्ग’ काढलं, १९७२ साली गेले. त्यांचं अर्धं राहिलेलं आत्मकथन मुलाने चरित्र लिहून पुरं केलं. मराठीतलं ते लेखन काही वर्षांपूर्वी वंदना सोनाळकरांनी इंग्रजीत नेलं. संपादन अनुपमा राव यांचं, ज्या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकवतात. बर्नार्ड कुठे आहे? रस्ता ओलांडला की कोलंबिया.

दासगावच्या पोराची गोष्ट ब्रॉडवेवर पोचली. दासगावच्या आठवीत पोचली का?

आता अमेरिकेतच जाऊ, कारण किशोरांसाठी चरित्र कसं लिहावं, याचा उत्तम नमुनाही तिथलाच. रोझा पार्क्स आपल्याकडे माहीत आहे. दमलेली शिवणकाम करणारी बाई, बसमध्ये गोऱ्यासाठी जागेवरून उठली नाही, क्रांती झाली. बाईंनी स्वतः सांगून ठेवलंय की मी दमले-बिमले नव्हते. १ डिसेंबर १९५५ च्या आधी बारा वर्षं त्या माँटगोमेरीत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं काम करत होत्या. त्याच उन्हाळ्यात लढा कसा उभारायचा याचं शिबिर करून आल्या होत्या. त्यामागून आलेला बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. पाय दुखले म्हणून कोणी वर्षभर पायी चालत नाही.

पण नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, त्याच शहरात तशाच बसमध्ये एक मुलगी उठली नव्हती. क्लॉडेट कॉल्विन. वय पंधरा. पोलिसांनी बेड्या घातल्या. पुढाऱ्यांना ती चेहरा म्हणून नको होती: अल्पवयीन, गरीब वस्तीतली आणि पुढे लग्नाआधीच दिवस गेलेली. तिला बाजूला ठेवलं.

आणि बसमधला भेद कायद्याने मोडला, तो १९५६ च्या खटल्यात. त्यातल्या फिर्यादींत कॉल्विन होती. पार्क्स नव्हती.

फिलिप हूज नावाच्या लेखकाने २००९ साली तिचं चरित्र लिहिलं, खास किशोरांसाठी. तिला कोणी अडवलं हे त्यात आहे. तिच्याच माणसांनी तिला कसं मागे सारलं, तेही आहे. पुस्तकाला अमेरिकेतला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. तिथल्या मुलांना त्याने काही इजा झाल्याचं ऐकिवात नाही. उलट २०२१ साली, तिच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, कोर्टाने तिच्या नावावरचा तो गुन्हा पुसून टाकला.

म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रल यॉर्क भागात शाळा मंडळाने वर्णद्वेषावरच्या पुस्तकांची लांब यादी वर्गाबाहेर काढली होती. रोझा पार्क्सवरचं छोट्या मुलांचं पुस्तकही त्या यादीत. सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाला बंदी मागे घ्यावी लागली. रोज सकाळी शाळेबाहेर फलक घेऊन उभे राहिले ते कोण? तिथलेच विद्यार्थी.

मुलांना झेपणार नाही म्हणे. काय झेपत नाही, आणि कोणाला?

आपल्याकडे बंदी घालावी लागत नाही. आपण आधीच गाळून छापतो. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतल्यावर सत्याग्रहींवर लाठ्याकाठ्या घेऊन हल्ला करणारे महाडचेच होते, आणि तळं खासगी आहे म्हणून कोर्टात गेलेलेही महाडचेच. हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला, म्हणजे ओंजळीपासून दहा वर्षं. हे न सांगता ‘बाबासाहेबांनी संघर्ष केला’ एवढंच सांगितलं, तर मुलगा विचारणारच, संघर्ष कोणाशी?

मुलाने विचारलं तर बाईंकडे उत्तर हवं. पुस्तकात नसेल तर त्या तरी कुठून आणणार?

चरित्राने काय होतं, असं विचारणारे भेटतात. कृष्णराव अर्जुन केळुसकरांना विचारायला हवं होतं. मुंबईतल्या बागेत वाचत बसणारं एक पोर त्यांना भेटायचं. परीक्षा पास झालं तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात ठेवलं. त्या पोराने, म्हणजे भीमराव आंबेडकरांनी, १९५६ साली नागपुरात काय केलं, ते जगाने पाहिलं. पुस्तक मराठी होतं आणि शाळकरी मुलाला दिलेलं होतं.

तेव्हा प्रकाशकांनो, अमेरिकन माणसं जरूर आणा. कार्व्हर आणा, हायलंड कॉलेजसकट. लिंकन आणा, १८६१ च्या भाषणासकट. केलर आणा, पंपानंतरची. कॉल्विनचं पुस्तक चांगल्या अनुवादकाकडे द्या आणि त्याला नीट पैसे द्या. ड्यूई शंभर पानांत सांगता येतो, सांगणारा हवा.

आणि त्याच मालिकेत, त्याच आकाराचं, त्याच किमतीचं एक पुस्तक रामचंद्र मोऱ्यांचं काढा. नकाशा टाका: लाडवली, दासगावचं बंदर, महाडची शाळा, चवदार तळं. सुरुवात जन्मतारखेने करू नका. त्याने वर्तमानपत्राला धाडलेल्या पत्रापासून करा.